केळुसकर रोडवरचा पोचा

शिवाजी पार्कच्या भोवती गाडी लावणाऱ्यानं एक गोष्ट मनाशी पक्की केलेली बरी. मैदान गाडीच्या आधीचं आहे. १९२५ साली महापालिकेनं ते लोकांसाठी खुलं केलं तेव्हा त्याला माहीम पार्क म्हणत. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहानं त्याचं शिवाजी पार्क झालं. भोवतीच्या बुटक्या, गोलसर सज्जांच्या इमारती पुढच्या दोनेक दशकांत उठल्या. त्यांच्या नकाशांत गच्ची आहे, हवेशीर जिना आहे, मागच्या बाजूला मोलकरणीसाठी लोखंडी जिनाही आहे. गाडीला जागा मात्र नाही, आणि असलीच तर एखाद्या मालकाच्या गॅरेजपुरती. मजल्यागणिक दोन गाड्या येतील हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यामुळे गाड्या रस्त्यावर. सव्वा किलोमीटरला जरा कमी पडणारा तो प्रसिद्ध कट्टा, त्याला लागून गाड्यांची रांग, वर झाडं, आणि वीर सावरकर मार्ग ओलांडला की समुद्र.

अशा ठिकाणी गाडीच्या रंगाचे बारा महिने हाल. उन्हाळ्यात मैदानातली लाल माती उडते. रहिवासी वर्षानुवर्षं तक्रार करतात, पालिका कधी पाणी शिंपडते, कधी गवत लावून बघते, आणि माती आपली खिडकीच्या जाळीत आणि गाडीच्या टपावर बसलेली असते. सकाळी गाडी पुसणारा मुलगा एका बादलीत, एका फडक्यात सगळी रांग उरकतो. मग तीच माती फडक्याखाली पॉलिश पेपरचं काम करते. पावसाळ्यात फांद्या कोसळतात. पाऊस सरला की दसरा येतो. १९६६ पासून इथं मेळाव्याची परंपरा आहे. त्यानंतर ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे लोटणारा जनसागर. वाहतूक पोलिसांची सूचना निघते, केळुसकर रोडच्या दोन्ही बाजू आणि एम. बी. राऊत मार्ग रिकामा होतो, आणि इथल्या गाड्या माटुंगा-माहीमच्या गल्ल्यांत परक्या गाड्यांना खेटून रात्र काढतात. परतताना एखादीच्या अंगावर नवा ओरखडा असतो. तो कुणी दिला हे शोधण्याच्या भानगडीत इथं कुणी पडत नाही.

आणि चेंडू. सीझन बॉलचं वजन नियमानं १५५.९ ते १६३ ग्रॅम. हातात घेतला तर काही वाटत नाही. लाँग ऑनवरून आला की कळतं. ज्या मैदानावर रमाकांत आचरेकरांनी पोरं घडवली, संदीप पाटील वाढले, तिथं फलंदाजानं चेंडू हवेत मारू नये अशी अपेक्षा कोण करणार? नेटच्या जाळ्या आहेत, पण एकाच मैदानात चार-पाच सामने एकमेकांत मिसळलेले असतात आणि प्रत्येक सामन्याची बाउंड्री वेगळी. चेंडू बाहेर जाणारच.

बाहेर गेलेल्या चेंडूचा खटला विलायतेत थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला होता. मँचेस्टरजवळच्या चीटम क्लबच्या मैदानातून ९ ऑगस्ट १९४७ रोजी एक षटकार कुंपणावरून गेला आणि घराबाहेर उभ्या असलेल्या बेसी स्टोन या बाईंना लागला. १९५१ मध्ये लॉर्ड्सनी क्लबच्या बाजूनं निकाल दिला. कारण साधं होतं: तीसेक वर्षांत त्या रस्त्यावर चेंडू सहाएक वेळाच गेला होता, एवढ्या दुर्मीळ धोक्याला निष्काळजीपणा म्हणता येत नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल आजही शिकवतात. शिवाजी पार्कात सहाचा आकडा सुट्टीच्या एका सकाळीही भरू शकतो, म्हणजे तोच न्याय इथं लावला तर क्लबांची पंचाईतच. पण कोर्टात जातो कोण? फिर्यादी स्वतः लहानपणी याच मैदानावर खेळलेला असतो आणि त्यानंही कुणाची तरी काच फोडलेली असते.

तर केळुसकर रोडवर राहणाऱ्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याची गोष्ट. गाडी राखाडी, मेटॅलिक, २०१४ सालची, छोटी. चेंडू बॉनेटच्या मधोमध बसला. धावत आलेला मुलगा आधी गाडीकडे, मग यांच्याकडे बघत म्हणाला, "काका, बॉल?" त्यांनी गाडीखालून चेंडू काढून दिला. मुलानं "सॉरी काका" म्हटलं आणि तो पॉइंटला जाऊन उभा राहिला. बॉनेटवर वाटीच्या बुडाएवढा पोचा राहिला.

पोचा काढायचा की तसाच ठेवायचा, हा प्रश्न कट्ट्यावर मांडला की सुटत नाही, नुसता वाढतो. एक म्हणाला, करून टाका, रंग गेला की गाडी गेली. दुसरा म्हणाला, इन्शुरन्समधून करा, हप्ता कशाला भरता? तिसरे ज्येष्ठ होते. त्यांनी चष्मा काढून बॉनेटवर बोटांनी टकटक केलं आणि निकाल दिला, "हा पत्रा आहे का? फियाट असती ना, तर चेंडूला पोचा आला असता."

दादर-गिरगावातल्या एका पिढीचं हे लाडकं मत. फियाटबद्दल तिला वाटणारी माया खोटी नाही. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईची टॅक्सीही. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी तारदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षांची, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही रस्त्यावरून गेली. तिचा बंपर पोलादी होता, पत्रा जाड होता, हे सगळं खरं. पण धडकेचा जोर पत्र्यानं घेतला नाही की तो आत बसलेल्या माणसाच्या बरगड्या घेतात, हे कट्ट्यावर सांगितलं जात नाही. गाडीचा पुढचा-मागचा भाग मुद्दाम चुरगळू द्यावा आणि माणसं बसतात तो मधला पिंजरा ताठ ठेवावा, ही कल्पना मर्सिडीजच्या बेला बारेनी या अभियंत्यानं मांडली. १९५२ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि १९५९ पासून ती प्रत्यक्ष गाड्यांत आली. आता तर गाडीपुढे आलेल्या पादचाऱ्याचं डोकं आपटलं तर बॉनेटनं दबावं, असा विचार करून बॉनेटं घडवतात. बाहेरचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास. चेंडूनं तो दबला तर गाडी दुबळी ठरत नाही.

खरा प्रश्न पत्र्याचा नसतोच, रंगाचा असतो.

कारखान्यात गाडीचा नुसता सांगाडा असतो तेव्हाच ती रसायनांच्या हौदात बुडवतात, विजेच्या साह्यानं गंजरोधक थर कानाकोपऱ्यापर्यंत चढवतात, भट्टीत भाजतात. मग प्रायमर, मग रंग, मग वरचा पारदर्शक कोट. सगळं मिळून जाडी जेमतेम शंभर-दीडशे मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या दोन केसांइतकी. पण भाजण्याचं तापमान शंभर अंशांच्या बरंच वर. तयार गाडीला ते कधीच देता येत नाही. वायरी, रबर, प्लॅस्टिक सगळं खराब होईल. कंपनीच्या वर्कशॉपमधली रंगाची बंद खोलीही साठेक अंशांवर थांबते आणि रस्त्याकडेच्या गॅरेजात तर उन्हावरच भागवतात. म्हणून पहिला रंग एकदा खरवडला की तसा पुन्हा मिळत नाही, मग बिल कितीही फाडा. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर हा हिशोब जास्तच खरा. खाऱ्या हवेला पोच्यात रस नसतो, तिला फट हवी असते.

वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात हे मालकांपेक्षा आधी कळलं. तिथला जाणकार खिशातून रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र काढतो आणि दारावर, बॉनेटवर, टपावर टेकवत जातो. आकडा शंभर-दीडशेच्या घरात आला की पुढे सरकतो. पाचशे-सातशे आला की थांबतो, कारण खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आहे. का भरली? साधा पोचा होता की गाडी कुठे आदळली होती? मालक शपथेवर सांगेल चेंडूचा पोचा म्हणून, पण चकचकीत बॉनेटवर विश्वास बसत नाही आणि पोचा असलेल्या ओरिजिनल रंगावर बसतो. विकताना किंमत यावी म्हणून गाडी रंगवून घेणारे बरेचदा स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतात.

सेनापती बापट मार्गाच्या, जुन्यांच्या तुळशी पाइप रोडच्या, आडोशाला जी गॅरेजं आहेत त्यांतल्या एका डेंटरकडे गृहस्थ गाडी घेऊन गेले. डेंटरनं पोच्याकडे बघितलंच नाही. तो गाडीच्या कोपऱ्याशी वाकला आणि बॉनेटमध्ये पडलेलं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघू लागला. सरळ पांढरी रेघ पोच्याच्या अलीकडे किंचित फाकत होती, पलीकडे जुळत होती. मग त्यानं तळव्याखाली जुनं मलमलचं फडकं धरून हात आडवा फिरवला. उघड्या तळव्याला घाम असतो, घर्षणात उंचसखल कळत नाही; फडक्यातून कळतं. पोच्याभोवती पत्रा वर आला होता, डोळ्याला न दिसणारी एक कडा. "साहेब, खड्डा नंतर. आधी ही कडा खाली बसवावी लागते. खड्डा नुसता वर ढकलला तर पत्रा टिक-टिक वाजायला लागतो." मागे लोखंडी ठोकळा धरून पुढून बुटक्या हातोडीनं बाजूबाजूला मारायचं, मधोमध मारलं की पत्रा ताणला जातो, आणि ताणलेला पत्रा आखडायचा तर तापवून ओलं फडकं लावायचं. ज्याला एवढं जमत नाही तो लांबी जास्त भरतो.

पत्रा सरळ झाला तरी निम्मं काम उरतं. रंग खरवडायचा, लांबीत हार्डनर मिसळून पातीनं ओढायची, ऐंशी नंबरच्या कागदानं घासायची, मग एकशेवीस, मग पाण्याचा कागद. प्रायमर. पुन्हा घासणं. जुलैत हवा ओली असते, तेव्हा घाई केली तर रंगावर दुधी झाक येते. मेटॅलिक राखाडी तर सगळ्यांत वाईट. त्यातले अॅल्युमिनियमचे कण गन जवळ धरली की एका बाजूला झुकतात, लांब धरली की दुसऱ्या. डब्यावरचा नंबर तोच असून छटा वेगळी दिसते. म्हणून नुसतं बॉनेट रंगवून भागत नाही, रंग दोन्ही फेंडरवर विरवत न्यावा लागतो. वाटीएवढ्या पोच्यासाठी तीन भाग.

रंगाला हात न लावता पोचा काढायची पद्धतही आहे. गॅरेजवाले तिला पीडीआर म्हणतात. आतून वाकड्या सळया घालून पत्रा चिमूट-चिमूट वर आणायचा. चेंडूचा पोचा गोल आणि उथळ असतो, म्हणजे या कामाला आदर्श. फक्त बॉनेटच्या पोटाला आधाराचा सांगाडा असतो आणि पोचा त्याच्यावर आला तर सळई पोचत नाही. इथं तो अर्धा सांगाड्यावर होता. "साठ-सत्तर टक्के निघेल," डेंटर म्हणाला. साठ-सत्तर टक्के निघालेला पोचा हा बाकी कुणाला दिसत नाही आणि मालकाला पूर्ण दिसतो.

इन्शुरन्सचं म्हणाल तर कट्ट्यावर हप्त्याचा हिशोब सांगणारे बोनसचा विसरतात. सलग पाच वर्षं क्लेम केला नाही की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर पन्नास टक्के सूट मिळते; एक क्लेम केला की ती शून्यावर येते आणि मग वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस अशी पायरी-पायरीनं चढते. समजा हा हप्ता आठ हजारांचा आहे आणि तेवढाच राहतो. तर पन्नासला परत पोचेपर्यंत जादा भरायचे चार हजार, चोवीसशे, दोन हजार, बाराशे आणि चारशे. बेरीज दहा हजार. आता रंगकामाचं बिल समजा आठ हजार. त्यातले पाव, म्हणजे दोन हजार, रंगाच्या सामानाचे धरतात आणि त्यावर पन्नास टक्के घसारा कापतात: गेले हजार. दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला मालकानं सोसायची सक्तीची रक्कम आणखी हजार. हातात सहा. सहा मिळवायला दहा घालवायचे, हे बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला पेन्सिल न उचलताही समजलं. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, आणि नव्या गाडीवरही नेता येतो. म्हणून तो चेंडूवर उधळू नये. फांदी पडून टप बसला, काच फुटली, दार आत गेलं, तेव्हाची गोष्ट वेगळी. क्लेम त्यासाठी असतो.

टॅक्सीवाल्यांना ही चैन कधी नव्हती. पासिंगला जायचं तर गाडी डेंटिंग-पेंटिंग करून, मीटर-दिवे बघून न्यावी लागते. त्यांच्या रंगाबद्दल एक आठवण टॅक्सी संघटनेची जुनी मंडळी सांगत आली आहेत: टप पिवळा, लांबून ओळखू यावा म्हणून, खालचं अंग काळं, डाग दिसू नयेत म्हणून. ज्यानं हे सुचवलं त्याला मुंबईचा रस्ता माहीत होता. खासगी गाडीला पंधरा वर्षं कुणी विचारत नाही. पंधराव्या वर्षी मात्र नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर आणि गाडीची तपासणी. नूतनीकरणाची फी २०२२ च्या एप्रिलपासून सहाशेवरून पाच हजार झाली. २०१४ ची गाडी म्हणजे २०२९. तिच्या बॉनेटवर आज पैसे ओतायचे ते किती वर्षांसाठी, हाही हिशोबच.

घरी मात्र हिशोब चालत नाही. "अहो, लग्नाकार्याला ही गाडी न्यायची? हॉलच्या दारात लोक बघतात." यावर ते काही बोलले नाहीत, कारण बाई खरं बोलत होत्या. दसऱ्याच्या सकाळी गाडी धुऊन, बॉनेटवर स्वस्तिक काढून, पुढे झेंडूचा हार बांधायचा, तो नेमका पोच्यावर लोंबणार. पोच्याची लाज खोटी नाही. पण तिची किंमत आठ हजार आणि एक पक्का रंग एवढी आहे का, हा वाद त्या घरात आठवडाभर चालला आणि दोन्ही बाजूंना थोडं थोडं पटलं.

तो मिटवला डेंटरनं, तोही दुसऱ्याच कारणानं. पोच्याचा भाव सांगून झाल्यावर तो सवयीनं गाडीभोवती फिरला आणि डावीकडच्या मागच्या दारापाशी उकिडवा बसला. दाराच्या खालच्या कडेला रंग वाटाण्याएवढा फुगला होता. त्यानं स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकेच टेकवलं. ते आत गेलं. तांबूस भुकटी त्याच्या चपलेवर पडली. केव्हातरी खडा उडाला असेल, किंवा ६ डिसेंबरला कुठल्या गल्लीत कठड्याला दार लागलं असेल. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं लाल मातीनं बुजली होती, आत पाणी साठून राहत होतं. मालकाला यातलं काहीच माहीत नव्हतं. इतके दिवस ते बॉनेटकडे बघत होते.

दाराचं काम केलं. गंज पांढऱ्या पत्र्यापर्यंत घासला, सडलेला तुकडा कापून नवा लावला, झिंकचा प्रायमर, वर रंग. दाराची बाकीची भोकं तारेनं मोकळी केली आणि उरलेल्या तिन्ही दारांचीही. छटा किंचित वेगळी आली आहे, पण कडा इतकी खाली आहे की बघायला फुटपाथवर झोपावं लागेल. पोच्यावर पीडीआर करून घेतलं. साठ टक्के निघाला. सौभाग्यवतींनी तो दूर उभं राहून बघितला आणि "ठीक आहे" म्हणाल्या.

दरम्यान इमारतीचा पुनर्विकास चर्चेत आहे. पार्कच्या भोवतीच्या कितीतरी इमारती १९६९ च्या आधीच्या, उपकरप्राप्त. एकेक करून त्या उतरतायत आणि त्यांच्या जागी टॉवर येतायत, ज्यांच्या पोटात गाड्यांचे मजले असतात, काहींत गाडी वर उचलून नेणारी यंत्रं. सोसायटीच्या सभेत विकासकाच्या माणसानं पडद्यावर चित्रं दाखवली. कुणी कार्पेट एरिया विचारला, कुणी भाडं, कुणी कॉर्पस. आमच्या गृहस्थांनी पार्किंगच्या दोन खांबांमधलं अंतर विचारलं.

"तुमची गाडी कोणती, काका?"

"२०१४ ची आहे."

"पझेशनला चार-पाच वर्षं धरा. तोपर्यंत ती राहील का?"

"राहील की," ते म्हणाले. "दारांच्या खालच्या कडा आत्ताच करून घेतल्यात."